ताट वाढलंय, पण लेकरं पाहुण्यासारखी बसलीत

गणपती उठले आणि पत्रांचा ढीग आला, आणि गंमत म्हणजे ह्या खेपेला बरीचशी पत्रं जेवणाची. रेसिपी विचारणारी नव्हेत हं. मोठी झालेली, नोकरी-संसाराला लागलेली मुलं सणाला घरी येतात, किंवा येत नाहीत, आणि ताटावर काहीतरी बिनसतं, त्याची. दिवाळी तोंडावर आलीय (2025 ची, 20 ऑक्टोबरला पहिली अंघोळ आहे, विसरू नका) म्हणून ह्या वेळी तेवढीच घेतलीत. पत्रं थोडी छाटलीत, भाषा ज्याची त्याची ठेवलीय.

प्रश्न (अकोला): मावशी, नमस्कार. आमच्याकडे महालक्ष्म्या असतात, सासूबाईंच्या सासूबाईंपासून. माझं वय 63, दोन्ही गुडघे गेलेत. मुलगा-सून पुण्याला, मुलगी बंगलोरला. यंदा पूजन सोमवारी आलं, 1 सप्टेंबरला. मुलगा-सून रविवारी रात्री पोचले आणि मंगळवारी पहाटे परत, मुलीला तर रजाच मिळाली नाही. चाळीस पानं उठली. सोळा भाज्या, आंबील, कढी, पुरण, वडे, सगळं मी आणि शेजारच्या एक वहिनी मिळून केलं. मुलगा जेवताजेवता म्हणाला, आई पुढच्या वर्षीपासून कॅटररला देऊन टाकू, एवढं कशाला करत बसतेस. मला इतकं लागलं ते की मी देवघरात जाऊन रडले. सून गप्प. आता तो फोनवर विचारतो मी काय वाईट बोललो. चुकलं कोणाचं? आणि खरं सांगायचं तर पुढच्या वर्षी माझ्याच्यानं होणार पण नाही.

मावशी: ताई, पत्राच्या शेपटाला लिहिलेलं ते शेवटचं वाक्य तुम्ही मुलाला कधी बोलून दाखवलंत का? मला नाही वाटत. त्याला तुम्ही लंगडताना दिसलात, त्याच्या हातात पगार आहे, म्हणून त्याला जे सुचलं ते तो बोलला. तुम्हाला मात्र ऐकू आलं की आई, तुझ्या ह्या चाळीस वर्षांची आता गरज नाही. बोलणारा एक बोलतो, ऐकणारा दुसरंच ऐकतो, घराघरात हेच.

आता मी तुम्हाला एक विचारते, राग मानू नका. सोमवारी दिवसभर तो घरात होता ना, काय करत होता? तुमच्या पत्रात तुम्ही आहात, वहिनी आहेत, मुलगा-सून डायरेक्ट जेवायच्या वेळीच येतात. माझा अंदाज, त्यानं खुर्च्या हलवल्या असतील, लायटिंगच्या माळा लावल्या असतील आणि मग मोबाईल.

माझंच सांगते. मुलाचं नवीन लग्न झालेलं, पहिल्या पाडव्याला दोघं आली. मी दोन दिवस राबून अकरा पदार्थ केले आणि कुणाला ओट्याजवळ फिरकू दिलं नाही, सूनबाई दोनदा येऊन विचारून गेली काही करू का, मी दोन्ही वेळा तू बस गं म्हटलं, आणि पानावर बसल्यावर चिरंजीव म्हणतात, आई जरा दहीभात मिळेल का, पोट बरं नाहीये. चार दिवस फुगून बसले होते मी. शेवटी माझी धाकटी जाऊ म्हणाली, वहिनी, तुम्ही त्यांना जेवायला बोलावलं होतंत, घरी कुठे बोलावलं होतंत. झोंबलं. पण तेव्हापासून आमच्याकडे पुरणयंत्र मुलाच्या हातात असतं.

तर पुढच्या वर्षाचं. देवीचं ताट घरचं, पंगतीचं बाहेरचं, अशी वाटणी करा. आंबील, पुरण आणि भाज्या घरात, नैवेद्यापुरत्या आणि घरातल्या माणसांपुरत्या. चाळीस माणसांचा वरणभात, पोळ्या, वडे येऊ देत कॅटररकडून, महालक्ष्मी काही रुसत नाही. सोळा भाज्या म्हणजे सोळा कढया असंही कुठे आहे, कित्येक घरी सगळ्या थोड्याथोड्या चिरून एकाच पातेल्यात शिजतात. कष्ट चिरण्याचे आहेत, ते आदल्या रात्री मुलगा-सून टेबलाशी बसून गप्पा मारत करतील. सुरुवातीला भेंडी वेडीवाकडी चिरतील. चिरू द्या. बघू नका तिकडे, टीव्ही लावा.

सोवळ्याचं मनात आलं असेल तुमच्या. त्यात मी पडत नाही, ज्याचं त्यानं ठरवावं. एवढंच सांगते की ह्याच देवीला पुण्याकडे पहिल्या दिवशी भाजी-भाकरीचा नैवेद्य असतो, कोकणात घावन-घाटलं, आणि तिथल्याच कित्येक घरी गौरीला चक्क मटण-वड्याचं तिखट जेवण लागतं. तिला सगळं गोड लागतंय. मग तुमच्या मुलानं अंघोळ करून चिरलेलं पडवळ का नाही चालणार?

आणि तिकिटं. रेल्वेचं रिझर्व्हेशन आता 60 दिवस आधी उघडतं, 1 नोव्हेंबर 2024 पासून, त्याआधी 120 दिवस होतं. जुन्या हिशेबानं राहिलात तर फसाल. नवं कॅलेंडर घरात आलं की आधी गौरीची पानं बघा, तारखा ग्रुपवर टाका, मुलीला रजेचा अर्ज तेव्हाच टाकायला सांगा. नाहीच जमलं तिला तर दिवाळीत येईल तेव्हा आंबील करून घाला. नक्षत्र टळलं म्हणून काय झालं, पोरीला आंबील आवडते ना.

प्रश्न (ठाणे): मावशी, मी 34 वर्षांची, नोकरी करते, एक मुलगा आहे पाच वर्षांचा. सासर डोंबिवलीला, माहेर नाशिकला. बाबा दोन वर्षांपूर्वी गेले, आई एकटी असते, भाऊ हैदराबादला, अजून लग्न नाही. दर दिवाळीला आम्ही चारही दिवस डोंबिवलीला, मग भाऊबीजेला धावतपळत नाशिक, जेवून रात्री परत कारण दुसऱ्या दिवशी ऑफिस. गेल्या वर्षी लक्ष्मीपूजनाच्या रात्री आईला फोन केला तर म्हणाली मी खिचडी टाकलीय, एकटीसाठी काय करायचं. मला घास गेला नाही. नवरा तसा चांगला आहे पण सण आला की आईचा मुलगा होतो, म्हणतो आपल्याकडे असंच असतं. दोन घरांत मी कशी पुरी पडू?

मावशी: पडू नकोस पुरी, तिसरं घर आहे की तुझं. ठाण्यात. त्याचा तू पत्रात उल्लेखसुद्धा केला नाहीस बघ.

भाऊबीजेची गोष्ट आठवते का? यम आपल्या बहिणीच्या, यमुनेच्या घरी गेला. तिनं त्याला ओवाळलं, जेवू घातलं, तो खूश झाला. म्हणून यमद्वितीया. सगळा सण बहिणीच्या घरच्या जेवणाचा आहे, भावानं यायचं आणि तिच्या हातचं जेवायचं. आपल्याकडे उलटंच होऊन बसलंय, बहीण ताट घेऊन लोकल आणि एसटीनं पळतेय. यंदा भाऊबीज गुरुवारी आहे, 23 तारखेला. भावाला सांग की हैदराबादहून आधी नाशिकला जा, आईला घेऊन बुधवारी संध्याकाळपर्यंत ठाण्याला ये, आणि शुक्रवारची रजा टाक म्हणजे रविवारपर्यंत राहता येईल. आईला दिवाळीत चार दिवस माणसं मिळाली, तुझी धावपळ वाचली.

सासूसासऱ्यांनाही त्याच जेवणाला बोलाव. हे महत्त्वाचं आहे. नाहीतर ह्याचा अर्थ निघेल की सूनबाईनं माहेर उचलून ठाण्याला आणलं. तू जेवायला बोलावलंस की त्या तुझ्या घरी येतात, तुझ्या पंगतीला बसतात, आणि काय सांगू, सासूचा सूरच बदलतो अशानं. पण बोलावताना काम सोपव. आई तुमची ती डाळिंबी उसळ तुम्हीच करून आणा, मला तशी जमत नाही, असं म्हण. जमत असली तरी म्हण. तुझ्या आईनं एक पदार्थ आणायचा, सासूबाईंनी एक, बाकी साधं. दोन्ही घरांचा अख्खा मेन्यू एका ओट्यावर मांडायला जाऊ नकोस, मेलीस तर यमाला वेगळं बोलवायला नको.

आई कदाचित आढेवेढे घेईल. आमच्या पिढीत लेकीच्या घरचं पाणी पिऊ नये वगैरे होतं, अजून कुणाकुणाच्या डोक्यात असतं ते. तिला भाऊबीजेची गोष्टच सांग, आणि नातवाला फोनवर दे.

नवऱ्याशी मात्र आत्ता बोल. ह्या आठवड्यात, जेवणं झाल्यावर, शांतपणे. नरक चतुर्दशीला पहाटे पाच वाजता तो डोक्याला तेल लावून पाटावर बसलेला असताना हा विषय काढलास तर काहीही निष्पन्न होणार नाही. आणि आपल्याकडे असंच असतं म्हणाला तर विचार, आपल्याकडे म्हणजे कुणाकडे रे?

प्रश्न (हिंजवडी): मावशी, वय 27, आयटी, अनमॅरिड. दिवाळीत आमच्याकडे सगळे काका-आत्या येतात, पंचवीस एक जण. जेवायला बसलं की सुरू, पॅकेज किती, लग्न कधी, फ्लॅट कधी, केस का गेले. केस का गेले हे पण विचारतात. ह्या वर्षी ऑन-कॉल आहे सांगून रूमवरच थांबावं असं वाटतंय. आईला वाईट वाटेल म्हणून तुम्हाला विचारतोय.

मावशी: वाढायला उभा राहा. खरंच सांगते, दुसरं औषध नाही. पंगतीत बसलेल्या माणसाला पळता येत नाही, वाढपी मात्र सारखा पुढेच जात असतो. आत्या म्हणाली पॅकेज किती की तू म्हणायचं भात किती, आणि पुढच्या पानावर.

पण नीट शीक आधी. डाव्या हाताला मीठ, लिंबू, चटणी, कोशिंबीर, लोणचं. उजवीकडे भाज्या, आमटी. मध्ये भाताची मूद, वर वरण, आणि तूप वाढल्याशिवाय कुणी घास घेत नाही, तेव्हा तुपाची लोटी आईकडून मागून घे, तूप वाढणारा मानाचा माणूस असतो. एका काकाला खाली वाकून हळूच विचार, अजून अर्धी पोळी? त्याला मधुमेह आहे, काकू बघतेय, तो तुझा जन्माचा मित्र होईल. आणि सगळ्यात शेवटी तू, आई आणि स्वयंपाकात राबलेल्या दोघीतिघी असे मिळून जेवाल ना, ती पंगत सगळ्यात मजेची असते. तुला माहीतच नाही ती, तू आजवर पहिल्या पंगतीला बसलायस.

केसांचं माझ्याकडे काही नाही बाबा.

प्रश्न (न्यू जर्सी): ताई, तीस वर्षं झाली इकडे येऊन. मुलगी बॉस्टनला शिकते, मुलगा टेक्ससला नोकरीला. दिवाळी इथे वर्किंग डेलाच येते बहुतेक, मुलं येत नाहीत, आम्ही दोघं फराळ करून त्यांना बॉक्स पाठवतो आणि व्हिडिओ कॉलवर बघतो एकमेकांना. मुलं घरी येतात ती थँक्सगिव्हिंगलाच. ह्या वर्षी वाटतंय की तेव्हाच दिवाळीचं जेवण करावं, सगळं साग्रसंगीत. पुण्याहून आई म्हणते तुळशीचं लग्न झाल्यावर कसली दिवाळी. मुलं म्हणतात वी वॉन्ट टर्की. काय करू?

मावशी: तुमची आई बरोबर बोलतेय हो. तुळशीची लग्नं कार्तिकी पौर्णिमेपर्यंत, म्हणजे यंदा 5 नोव्हेंबरला सगळं आटपतं, आणि थँक्सगिव्हिंग नोव्हेंबरचा चौथा गुरुवार, 27 तारीख. तोवर आमच्याकडे चिवड्याचा तळ लागलेला असतो आणि चकल्या मऊ पडलेल्या असतात.

तेव्हा तिला दिवाळी म्हणू नका. पण तुमचं पत्र वाचून मी कॅलेंडर काढलं आणि मला इतका आनंद झाला म्हणून सांगू. 26 नोव्हेंबर, बुधवार, चंपाषष्ठी आहे. आणि 27 चा गुरुवार हा मार्गशीर्षातला पहिला गुरुवार, महालक्ष्मीचा. अमेरिकेनं तुम्हाला सुट्टी दिलीय ती नेमकी कशावर दिलीय बघा तरी.

चंपाषष्ठीला खंडोबाला वांग्याचं भरीत आणि रोडगा. चातुर्मासात बरीच माणसं वांगी आणि कांदा सोडतात, ते ह्या दिवसापासून पुन्हा सुरू होतं, त्यामुळे त्या भरताला जी चव लागते ती एरवी लागतच नाही. मुलं बुधवारी संध्याकाळी विमानातून उतरून दमून येणार, त्यांना पंचपक्वान्नं नकोच असतात. तिकडची ती गलेलठ्ठ वांगी भाजायला फर्स्टक्लास. गॅसवर भाजा, अलार्म वाजत असेल तर अवनमध्ये ब्रॉयलखाली. वर कांद्याची पात, बाजरीची भाकरी नाहीतर सरळ रोडगे, अवन तापलेलाच आहे. जेवता जेवता खंडोबाची गोष्ट सांगा, घोड्यावरचा, तलवारवाला, मणी-मल्ल दैत्यांना मारणारा. लहानपणी सांगितली नसेल तर आता सांगा, विशी-पंचविशीतली मुलं जास्त नीट ऐकतात असा माझा अनुभव आहे.

गुरुवारी तुमचा उपास असेल तर तो संध्याकाळी गोडाच्या जेवणानं सुटतो, आणि थँक्सगिव्हिंगचं मोठं जेवण तिकडे दुपार कलल्यावर किंवा संध्याकाळीच असतं ना, म्हणजे वेळ पण जुळली. तेव्हा तुमचं साग्रसंगीत त्या दिवशी करा, पुरण हवं तर पुरण. पण माझं ऐकाल तर लाल भोपळ्याचे घारगे करा. तिकडे त्या दिवसात भोपळ्याचा शिजवलेला गर डब्यात मिळतो, मुलांना भोपळ्याचा पाय (pie, तिकडचा तो गोड पदार्थ) लागतो, तोच गर, गूळ घालून आटवा, त्यात मावेल तेवढी कणीक, थोडी तांदळाची पिठी, चिमूट मीठ, वेलची, आणि तळा. डब्यातला गर पातळ असतो म्हणून आटवणं जरा जास्त लागतं, नाहीतर पीठ पीत बसतो आणि घारगे वातड होतात. एका बाजूला मुलीला तिचा पाय करू द्या, दुसऱ्या बाजूला घारगे. दोन्ही भोपळेच.

टर्की शुक्रवारी. मुलाला सांगा की तूच आणायची, तूच मुरवत ठेवायची, तूच भाजायची आणि भांडी पण तूच घासायची. मार्गशीर्ष पाळत असाल तर तुम्ही खाऊ नका, पण त्याच्या पानावर नाक मुरडू नका. पंचविशीतला मुलगा एक अख्खा पक्षी भाजून घरच्यांना वाढतोय, फोटो काढा त्याचा.

आईला विसरू नका. नोव्हेंबरात तुमची घड्याळं मागे जातात, मग आपल्यात साडेदहा तासांचा फरक. तुम्ही गुरुवारी संध्याकाळी सातला पानं घेतलीत तर पुण्यात शुक्रवारची पहाट, साडेपाच. ह्या वयातल्या आया तेव्हा उठून चहा टाकतच असतात. त्यांना त्यांचा चहाचा कप घेऊन पंगतीला बसवा.

प्रश्न (पुणे): नमस्कार. मी 69 वर्षांचा, बँकेतून निवृत्त. पत्नीला जाऊन चार वर्षं झाली. त्यानंतर मी स्वयंपाक शिकलो, बऱ्यापैकी येतो. मुलगी मुंबईत असते, ती तीन वर्षांपासून व्हीगन झालीय, दूध-तूप-दही काही नाही. सून सांगलीकडच्या दिगंबर जैन घरातली, फार गुणी, पण कांदा-लसूण-बटाटा चालत नाही आणि सूर्यास्तानंतर जेवत नाही. गेल्या दिवाळीला मी हौसेनं घाट घातला, श्रीखंड-पुरी, बटाट्याची भाजी, कांदाभजी. रात्री साडेआठला पानं घेतली. मुलीनं पुरी लोणच्याशी खाल्ली, सून नुसती बसून राहिली, म्हणाली मला भूक नाही बाबा. मग मला कळलं. इतका ओशाळलो. यंदा वाटतंय प्रत्येकाला हवं ते बाहेरून वेगवेगळं मागवावं. पत्नीची एक वही आहे, तिच्यातलं करावंसं वाटतं पण ती असती तर तिनं काय केलं असतं ते कळत नाही.

मावशी: दादा, तुमच्या मेन्यूला मी हसले, माफ करा. एकेक पदार्थ असा निवडलात की कुणी ना कुणी उपाशी राहिलंच पाहिजे. पण चार वर्षांत एकट्यानं स्वयंपाक शिकून पंगत उठवायला निघालेला माणूस आहात, तुम्हाला नावं ठेवणारी मी कोण.

वेगवेगळं मागवू नका. प्रत्येकासमोर आपापला डबा आला की ते ऑफिसचं लंच झालं. आणि हे तुझं वेगळं केलंय हं, हे वाक्य कितीही प्रेमानं म्हटलं तरी सुनेला आपण पाहुणी आहोत हेच ऐकू येतं. एकच स्वयंपाक करा, जो सगळ्यांना चालेल. वाटतं तेवढं अवघड नाही, कारण आपलं नैवेद्याचं जेवण बिनकांदा-लसणाचंच असतं, अर्धं काम तिथेच झालं. बटाट्याच्या जागी कच्ची केळी घ्या, जैन घरांत तीच युक्ती असते, सुक्या भाजीला फोडी अगदी तशाच लागतात. मसालेभात तोंडली घालून, वर तुपाऐवजी ओलं खोबरं. आलं वगळा, तेही कंदात जातं. कटाची आमटी गोड्या मसाल्याची, ती तर आपसूकच दोघींना चालते. पुरणपोळी तेलावर करा, तेलपोळी म्हणतात ना आपल्याकडे, आणि बरोबर दुधाऐवजी नारळाचं दूध, गूळ-वेलची घालून. एकदा खाऊन बघा, गाईच्या दुधाची आठवणसुद्धा येणार नाही. तूप वाटीत वेगळं ठेवा, ज्याला हवं तो घेईल. मध मात्र कशातच नको, जैनांना चालत नाही आणि व्हीगन लोकांनाही नाही.

वांगं, फ्लॉवर, मोडाची कडधान्यं ह्याबाबतीत जैन घराघरात फरक असतो, काही खातात, काही नाही. तेव्हा अंदाज बांधू नका, सुनेला फोन करा आणि यादी वाचून दाखवा. तुम्ही फोन केलात हेच तिला पुष्कळ होईल बघा. आणि बोलताबोलता निर्वाण लाडवाचं विचारा. आश्विन अमावास्येला महावीरांचं निर्वाण झालं, म्हणून दिवाळीला पहाटे जैन मंदिरात लाडू चढवतात. दिवाळी तिची पण आहे, तिच्या पद्धतीची. तो लाडू तुमच्या घरात तिच्या हातचा होऊ दे की, मुलीसाठी तुपाशिवाय जमतो का तेही तीच सांगेल.

वेळ दुपारची, साडेबाराची. ऑक्टोबरअखेर पुण्यात सहाच्या सुमाराला सूर्य मावळतो, रात्रीच्या पंगतीचा नादच सोडा.

आणि वहीचं. त्यात पंचामृत असणार. तीर्थाचं नाही, ते तर दूध-दही-तूप-मधाचं, ते दोघींनाही नको. पानात डावीकडे वाढतात ते, मिरच्यांचं. नीट बघा काय काय असतं त्यात: हिरव्या मिरच्या, सुकं खोबरं, दाणे, तीळ, चिंच, गूळ. दूध नाही, तूप नाही, कांदा नाही, कंद नाही. तुमच्या मिसेसनी लिहून ठेवलेला एक पदार्थ जसाच्या तसा, एक अक्षर न बदलता, तुमच्या मुलीलाही चालतो आणि सुनेलाही.

वहीत नसेल तर हे घ्या. मिरच्या जाड, पोपटी, कमी तिखट बघून घ्या, मोठे तुकडे करा. तेलात मोहरी, मेथीचे चार दाणे, हिंग, हळद, मग मिरच्या परतून खोबऱ्याचे काप आणि भिजवलेले दाणे. चिंचेचा कोळ, पाणी, उकळी आली की गूळ आणि मीठ, शेवटी भाजलेल्या तिळाचं कूट. दाटसर होऊ द्या. आदल्या दिवशी केलंत तर जास्त मुरतं, तेव्हा मुलगी मुंबईहून आदल्या दिवशी येत असेल तर मिरच्या तिच्याकडून चिरून घ्या, आणि वही तिच्यासमोर उघडी ठेवा, तिला आईचं अक्षर वाचू दे.